किमान दोन माणसं

बाबा, आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही गेल्यापासून या घरात भांडायला कोणी उरलं नाही, आणि माझा स्वभाव तुम्ही जाणताच. वय वाढलं की नाकावरचा राग खाली उतरतो म्हणतात. माझा फक्त चष्म्याच्या आड गेला आहे. पुढच्या उन्हाळ्यात मी रिटायर होणार. केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरतात, पण मी वर्गात शिरले की मुली अजूनही मोबाईल दप्तरात टाकतात, आणि खोटं कशाला बोलू, मला त्यात बरं वाटतं. घरी आल्यावर मात्र हा राग ठेवायचा कुठे हा प्रश्न असतो. दुधावर रागावते, कुकरवर रागावते. परवा पंख्याला म्हणाले, "काय कटकट लावली आहेस रे सकाळपासून?" मराठीत म्हणाले. बाहेर, या नर्मदेकाठच्या शहरात, सगळा दिवस हिंदीत जातो, भाजीवाल्या भैयापासून प्रिन्सिपलपर्यंत. मराठी बोलायची जागा म्हणजे हे घर, आणि घरात ऐकायला पंखा. तेव्हा म्हटलं, तुम्हालाच लिहावं.

भांडण एका नियमावरून आहे. आमच्या कॉलेजात मुलींना डिग्री मिळवायची तर काय काय पूर्ण करावं लागतं, त्यातली ती एक ओळ. ती ओळ मी लिहिली, आणि तुमच्यामुळे लिहिली. म्हणून तुम्हाला जाब विचारायचा मला हक्क आहे.

मी बालविकास आणि कुटुंब अभ्यास हा विषय घेतला ते सांगितलं तो दिवस मला दिसतो. तुम्ही फॅक्टरीतून नुकतेच आला आहात. मोरीत उभे राहून कोपरापर्यंत साबण लावता आहात, आणि कानावर लाकडाचा भुसा तसाच आहे. ओतकामासाठी लाकडी साचे करायचं तुमचं काम, त्यामुळे बाकीच्यांच्या घरी माणूस तेलाच्या वासाचा यायचा आणि आमच्याकडे सागवानाच्या. "हे काय होय?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, लेकरं कशी वाढतात आणि घरं कशी चालतात ते शिकवतात. "अन् पास होयाले काय करा लागते?" मी सांगितलं: एका लहान मुलाचं वर्षभर निरीक्षण करायचं, कॉलेजातल्या एका घरात राहून ते घर चालवायचं, आणि एखाद्या कुटुंबात जाऊन-येऊन त्याचा अभ्यास लिहायचा. तुम्ही तोंड पुसलंत. "मग मलेच देऊन टाका म्हणा डिग्री. एक वाढवून ठेवली की नाही मी?" असं म्हणून एकटेच हसलात. मी हसले नाही. त्या वयात मी फार गंभीर होते, मला वाटायचं तुम्ही माझ्या विषयाची थट्टा करता.

थट्टा नव्हतीच ती, हे पुढे मलाच मुलींना शिकवताना कळत गेलं. आई गेली तेव्हा मी तिसरीत. तेरावं झाल्यावर नागपूरच्या आत्यानं माझी बॅग भरली होती. पोरगी आहे, बाईमाणसाशिवाय कशी वाढेल, असं सगळ्यांचं ठरलेलं. तुम्ही ती बॅग उघडलीत, माझे फ्रॉक एकेक करून परत कपाटात ठेवलेत, घड्या मोडू न देता, आणि आत्याला म्हणालात, "ताई, तू जाय. आम्ही दोघं आहो." आत्या रडली, चिडली, आणि दुसऱ्या दिवशीच्या बसनं गेली. शहराबाहेरच्या तिलवाऱ्याच्या पुलापर्यंत तिच्याबरोबर बसमधून गेलो होतो आपण, तिथे उतरून नर्मदेला हात जोडले. परत येताना तुम्ही मला विचारलंत, भात किती टाकायचा असतो ते तुला माहीत आहे काय. मला माहीत नव्हतं. तुम्हालाही नव्हतं.

पण शिकलो. भोंगा वाजायच्या आत तुमचा डबा, शाळेच्या आत माझा. जो आधी घरी येईल त्यानं कुकर लावायचा. आणि सगळ्यात पक्का कायदा म्हणजे, ज्याचं ताट त्यानं धुवायचं, हात वाळायच्या आत. त्यात सूट नव्हती. मला ताप असला तरी तुम्ही माझं ताट माझ्या हातात देऊन नळापर्यंत माझ्याबरोबर चालत यायचात. लोकांना हे क्रूर वाटेल. मला ते इतकं साधं वाटायचं, की इतर घरांत ताट तसंच टाकून उठतात हे पाहिलं तेव्हा मी घाबरले होते.

कॉलेजच्या नर्सरीत मला निरीक्षणाला एक मुलगी मिळाली होती, सारखी भिंतीकडे तोंड करून खेळायची. तिच्याजवळ तासन्‌तास वाकून उभं राहिल्यानं माझी पाठ धरायची. मी घरी एकदाच कण्हले असेन. रविवारी तुम्ही टालावरून विकतचं लाकूड आणलंत (फॅक्टरीतला एक तुकडा तुम्ही कधी घरी आणला नाहीत, आणि आणणाऱ्यांशी बोलला नाहीत) आणि मला एक बुटकं स्टूल करून दिलंत, वीतभर उंचीचं, कडा घासून गोल केलेलं. "बस यावर, अन् पाय लंबे कर." नर्सरीत बाहेरचं फर्निचर ठेवायला परवानगी नव्हती, तेव्हा वर्षभर मी ते सायकलच्या कॅरिअरला बांधून नेत होते आणि आणत होते. रस्त्यावरची पोरं ओरडायची, "दीदी, सिंहासन लेकर कहाँ चलीं?" ती मुलगी मात्र एक दिवस भिंत सोडून आली आणि न विचारता माझ्या शेजारी त्या स्टुलाच्या उरलेल्या कोपऱ्यावर बसली. मी ते लिहून ठेवलं आणि मॅडमनी त्यावर "बहुत अच्छा" असा शेरा दिला. तुम्हाला दाखवला तर तुम्ही म्हणालात, "थोडं रुंद बनवा लागत होतं."

मग ते घर. शेवटच्या वर्षी आम्हाला कॉलेजच्या आवारातल्या एका छोट्या घरात पाळीपाळीनं राहावं लागे. मुलींची एक टोळी आत जायची आणि एखादं कुटुंब असल्यासारखी राहायची. एक दिवसाची गृहिणी, एक स्वयंपाक करणारी, एक बाजार आणणारी, एक झाडझूड करणारी. रोज कामं बदलायची. आमच्या मॅडम दारात उभ्या राहून मार्क द्यायच्या. पडदा सरळ आहे का, पोळ्या एका मापाच्या आहेत का, कचरा वेळेवर बाहेर गेला का. शेवटच्या दिवशी प्रत्येकीनं घरच्या एका माणसाला जेवायला बोलवायचं आणि पाहुणचार कसा केला त्याचेही मार्क. सगळ्यांच्या आया आल्या होत्या. तुम्ही लग्नाकार्याचा पांढरा शर्ट घालून, शिफ्ट बदलून, खोव्याच्या जिलेबीचा पुडा घेऊन आलात. त्या दिवशी गृहिणी मी होते. मी हट्टानं गोळाभात केला होता, मॅडमनी दोनदा विचारलं होतं ये क्या चीज़ है म्हणून.

तुम्ही फार छान जेवलात. रुमाल मांडीवर घेतलात, आयांशी "जी, जी" करत बोललात, भात थोडा मागून घेतलात. मला वाटलं, झालं, सुटलो. आणि तुमचं जेवण संपलं तसे तुम्ही उठलात, ताट उचललंत, दाराबाहेरच्या नळावर गेलात आणि घासायला बसलात. राख शोधलीत, मिळाली नाही, तर मातीनं घासलंत. मग ताट भिंतीला उपडं टेकवून हात झटकत आत आलात. सगळ्या आयांचे घास हातात. मॅडमचा आवाज मला अजून ऐकू येतो, "इस घर में अतिथि से बर्तन मँजवाए जाते हैं?" मी म्हटलं, नाही मॅडम, अतिथींकडून नाही. "तो ये कौन हैं?" म्हटलं, पिताजी आहेत. माझ्या मते ते पूर्ण उत्तर होतं. त्यांच्या मते ते उद्धट होतं, आणि पाहुणचाराचे माझे सगळे मार्क गेले.

मला त्याचं काही वाटलं नव्हतं, बाबा. तुम्हाला वाटलं. "माह्यानं तुझे नंबर कटले, नाही?" असं तुम्ही मला कितीदा विचारलंत. "आदत आहे वं. मले वाटलं, घरच आहे." मॅडमना भेटून समजावून सांगू काय म्हणून तुम्ही मागे लागलात. जाऊ द्या हो, म्हटलं तर चार दिवस गप्प, आणि पुन्हा पोळी लाटता लाटता, "ते नंबर वापस भेटतात काय?" पाहुणा म्हणून जायचं आणि पाहुण्यासारखं उठायचं, एवढंही आपल्याला जमलं नाही असं तुमच्या मनानं घेतलं.

त्याच वर्षी ती ओळ आली. कुटुंबाचा अभ्यास करायचा तर कुटुंब कसं पाहिजे, ते नियमात लिहिलेलं होतं: माता, पिता आणि कमीत कमी एक मूल. मी स्वयंपाकघरात खाली बसून लिहिते आहे, तुम्ही ओट्यापाशी पोळ्या करता आहात.

"कोनाचं घर लिहून राहिली?"

"मैत्रिणीच्या शेजाऱ्यांचं."

"काहून? आपलं घर काय वाईट आहे?"

"वाईट नाही बाबा. आपण नियमात बसत नाही. आई लागते."

तव्यावरची पोळी तशीच राहिली. तुम्ही लाटणं हातात घेऊन माझ्याकडे वळलात. "मग आपण दोघं कोण होय? किरायेदार?" मी रडायला लागले. पोळी जळली. तुम्ही ती चिमट्यानं उचलून बाजूला टाकलीत आणि मला रागावलात, की रडून काय होते, लिही त्यांचं, चांगलं लिही. "अन् त्यांच्यात भांडण दिसलं तं ते बी लिही. नाही तं तुह्या मॅडमले वाटन, तीन माणसं असले का सगळे सुखातच असतात." घरोघरी मातीच्या चुली हे मला कॉलेजनं चार पेपरांत शिकवलं, तुम्ही एका जळक्या पोळीवर उरकलंत.

मी तिथंच शिकवायला लागले, तुम्ही ते पाहिलंत. पुढचं पाहिलं नाहीत. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी विभाग माझ्याकडे आला आणि पहिल्याच मिटिंगला मी ती ओळ खोडली. "एका छताखाली राहणारी किमान दोन माणसं" असं लिहिलं. कारण विचारलं तर सांगितलं की काळ बदलला आहे. काळबिळ काही नाही, तुमची पोळी जळली होती. त्या ओळीत आपण दोघं अगदी नीट बसत होतो आणि त्या दिवशी मी घरी येऊन शिरा केला. मी शहाणी, दुसऱ्यांना कुटुंब शिकवणारी, माझ्या डोक्यात हे आलंच नाही, की ओळ लिहीपर्यंत आपल्यातलं एक माणूस उठून गेलेलं होतं. इतकी वर्षं तो नियम मुलींना वाचून दाखवला. एकदाही आलं नाही.

या दिवाळीनंतर आलं. शेवटच्या वर्षाची एक मुलगी फाइल छातीशी धरून माझ्यापुढे उभी राहिली. मराठी घरातली आहे, आजोबा वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीवर आलेले. तिला मराठी सगळं कळतं, बोलताना तिसऱ्या शब्दाला हिंदीत घसरते. तिनं दीक्षितपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या घराचा अभ्यास केला होता. बाई मराठी, विधवा, मुलगा-सून पुण्याला, एकट्या राहतात. मुलगी सगळं सत्र दर रविवारी त्यांच्याकडे जात होती. आणि आमच्या विभागातल्या तरुण सहकारी प्राध्यापिकेनं फाइल परत केली होती, कारण बाई एकट्या. एक माणूस म्हणजे कुटुंब नव्हे, दुसरं कुटुंब शोधा, पुन्हा करा. सहकारी चुकली नव्हती. नियम माझाच होता, ती तो पाळत होती, आणि कामाची इतकी पक्की आहे म्हणून मीच तिला निवडलं होतं.

मी मुलीला म्हटलं, सुरू करण्याआधी विचारायला काय झालं होतं? ती म्हणाली, "मैम, मला वाटलंच नाही की… मतलब, घर था ना, तो मुझे लगा फैमिली है।" दुसरं कुटुंब शोधायचं तर सत्र निसटणार, डिग्री लांबणार, पुढच्या कोर्सचा प्रवेश जाणार. ती त्यासाठी रडेल म्हणून मी तयारीत होते. ती म्हणाली, "वो मैं कर लूँगी मैम। पर आजीला काय सांगू? कि आपको गिना नहीं?"

मी चष्मा काढून पुसायला घेतला. तिला वाटलं असेल मी विचार करते आहे, म्हणून मदतीला आणखी एक मुद्दा तिनं पुढे केला. "आप भी तो अकेली रहती हैं ना, मैम?" टोमणा नव्हता त्यात. लहान मुलं 'तुमचा दात पडला' म्हणतात तसं म्हणाली. मी म्हटलं, फाइल ठेवा आणि जा. असं म्हटल्यावर ती दार लावायलाही थांबली नाही.

रविवारी दुपारी जेवून, ताट धुऊन मी ती फाइल वाचली. चांगलं काम होतं. आमच्या नमुन्यात एक भाग असतो, घरातल्या माणसांचा आपसांतला संवाद. एकट्या बाईच्या बाबतीत तो रिकामा राहायला हवा होता. या मुलीनं पानं भरली होती. आजी तुळशीला सांगतात आज पाणी उशिरा आलं. आजी नवऱ्याच्या फोटोला भाजीचे भाव सांगतात आणि त्याच्या वाटचं "बाप रे"ही स्वतःच म्हणतात. रविवारी मुलाचा फोन येतो, आजी तो मोठ्या आवाजावर लावून पोळपाटाशेजारी ठेवतात. मुलाचं बोलणं लवकर संपतं. पुढं तिनं लिहिलं होतं, फोन बंद झाल्यावरही आजी थोडा वेळ बोलत राहतात. एवढंच, खाली काही टिप्पणी नाही, काही निष्कर्ष नाही. मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले असते आणि मला ती फाइल खिडकीबाहेर फेकाविशी वाटत होती.

मी तुमच्यापुढे हे कधी मान्य केलं नाही, आता करते. मला एकटं वाटतं. लग्न नाही केलं याचं दुःख नाही. तुम्ही दोनदा विचारलंत, मी दोनदा नाही म्हटलं, आणि कारण एवढंच होतं की कोणी तितकं आवडलं नाही. मित्रमैत्रिणी आहेत, विद्यार्थिनींचे फोन येतात, गणपतीला महाराष्ट्र मंडळात मी अजून मोदकांवर हुकमत चालवते. पण संध्याकाळी शेजारच्या घरातून "चलो, खाना लग गया" अशी हाक येते, आणि पोरं धावत जेवायला जातात त्यांच्या पावलांचा आवाज भिंतीतून येतो. तेव्हा मी टीव्ही मोठा करते. बातम्यांचं मला काही घेणंदेणं नसतं. कोणाला तरी जेवायला हाक मारावी असं वाटतं, बाबा. मला कोणी मारावी असं नाही. मला मारायची आहे.

आता कोर्स चार वर्षांचा झाला, सगळे नियम नव्यानं लिहायचे आहेत, त्यासाठी विभागाची मिटिंग होती. मी ती ओळ चर्चेला घेतली. आमची सहकारी फार आदरानं बोलते, त्यामुळे तिच्याशी भांडणं अवघड. "मैडम, नियम तो आपने ही बनाया था," ती म्हणाली. मी म्हटलं, बनवला होता, आता मीच बदलते आहे. ती म्हणाली, मग सगळ्या मुली सोपं म्हणून एकटं माणूस शोधतील, होस्टेलच्या वॉर्डनलाच कुटुंब करून टाकतील. सगळे हसले, मीही हसले. मग तिनं खरा प्रश्न विचारला. "फिर फैमिली किसको बोलेंगे, मैडम?"

"जहाँ कोई घर चलाता है।"

"अकेले?"

"हाँ, अकेले। मैं चलाती हूँ। दूध आता है, दीया लगता है, त्योहार पर तोरण लगता है। किसके लिए लगता है, वो कॉलम बाद में भर लेंगे।"

इतक्या वर्षांत विभागातल्या कोणी मला घरातलं काही बोलताना ऐकलं नव्हतं. मी बोलायचं ठरवलंही नव्हतं. ते तोंडातून गेलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या, एकीनं समोशांची प्लेट माझ्याकडे सरकवली, आणि त्या सरकवण्यातली दया मला अशी झोंबली की मी दोन समोसे खाल्ले. ओळ बदलली. "घर चालवणारी एक किंवा अधिक माणसं." सहकारीनं स्वतः टाइप केली. मुलीची फाइल तिनंच त्या आठवड्यात तपासून मंजूर केली आणि मार्कही सढळ हातानं दिले. मुलीनं दीक्षितपुऱ्यात जाऊन सांगितलं, तर आजी म्हणाल्या म्हणे, "म्हणजे मी पास झाली?" तिनं मला हे सांगितलं तेव्हा मला वाटलं तुम्ही स्वयंपाकघरातून हसाल.

इथवर आले म्हणजे भांडण मिटायला हवं. तुमची बाजू लावून धरली, मुलीचं वर्ष वाचलं. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. मी मिटिंगमध्ये जे बोलले ते कॉलेजभर झालं, आणि गेल्या आठवड्यात खालच्या वर्षाची एक मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. कुंडमकडची आहे, होस्टेलवर राहते, शहरात कोणी ओळखीचं नाही. उंबऱ्यावरच एका पायावर भार देऊन उभी राहिली. "मैम, रूल बदल गया है ना? तो मैं आपका घर कर लूँ? हर इतवार आऊँगी। ज़्यादा कुछ नहीं, बैठूँगी, देखूँगी, काम बता देंगी तो वो भी कर दूँगी।"

मी म्हटलं, मेरे पास टाइम नहीं है, बेटा. तिनं "जी मैम" म्हटलं आणि गेली.

बाबा, माझ्याकडे वेळच वेळ आहे. रविवार तर इतका लांब असतो की मी मुद्दाम डाळ निवडत बसते, निवडलेली डाळ. भर मिटिंगमध्ये छाती पुढे काढून माझं घर हे घर आहे म्हणाले, आणि एक पोरगी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून ते बघायला यायची म्हणाली तर दार लावून घेतलं. तिला काही दिसेल याची भीती नाही मला. सगळं नीटनेटकं आहे, पडदेसुद्धा सरळ आहेत. भीती ही आहे की ती येईल, आणि मला तिची सवय लागेल. शनिवारपासून मी भाजी काय करायची ते ठरवायला लागेन. आणि मग सत्र संपेल, फाइल जमा होईल, मार्क मिळतील, आणि त्यापुढच्या रविवारी ती येणार नाही, कारण यायचं कारण उरणार नाही. मुली अशाच येतात आणि जातात, मीच त्यांना तसं शिकवते: अभ्यास संपला की घरातून बाहेर पडायचं, गुंतायचं नाही.

तुम्ही असता तर एका वाक्यात निकाल लावला असता, आणि ते वाक्य काय असतं ते मला माहीत आहे, म्हणून तर तुमच्याशी भांडते आहे. हा कागद कुठे टाकायचा नाही, कोणाला दाखवायचा नाही. उद्या सकाळी दूध यायच्या आत फाडून टाकेन.

त्याआधी एक सांगते. त्या मुलीला नाही म्हटलं त्या दिवसापासून मी स्टाफरूमचं दार लोटून घेत नाही. ती पुन्हा विचारेल, आणि विचारलं तर हो म्हणायचं, असं मी ठरवून ठेवलं आहे. आज ती व्हरांड्यातून गेली. दाराशी थांबली, "नमस्ते मैम" म्हणाली, मी मान हलवली. ती क्षणभर तशीच उभी होती. मला नुसतं 'ये' म्हणायचं होतं, आणि ते मला म्हणता आलं नाही.